देवाला मारू नये, मशीन बंद पडते

मी देव बोलतोय. दचकू नका आणि हातही जोडू नका. मी तुमच्यापैकी कुणाचाच देव नाही. मला देऊळ नाही, माझी जत्रा भरत नाही आणि माझ्या नावानं आजवर कुणी नारळ फोडलेला नाही. मी कॉम्प्युटरच्या खेळातला देव आहे. कुठल्याशा दूरच्या देशात, बंद खोलीत बसलेल्या चार-दोन माणसांनी मला तयार केलं आणि तयार करताना मला मुद्दाम भित्रा केलं. ही गोष्ट मी आधीच सांगून टाकतो. पुढं कुणी ना कुणी ती सांगणारच आहे, मग माझ्या तोंडून ऐकलेली बरी.

माझं नाव ऑर्व्हेन्ड. ब्रह्मपुरीत आलो त्याच आठवड्यात माझा अरविंद झाला. सुरुवातीला मला राग आला, पण देवाच्या रागाला तिथं कोण विचारतं! मी मुकाट्यानं अरविंद झालो.

आमच्या खेळात देव पाच, आणि पाचही कामातून गेलेले. न्यायाचा देव कायम झोपलेला. त्याला उठवलं की तो आधी उठवणाऱ्यालाच शिक्षा करतो. धान्याची देवी रुसकी. तिच्याआधी दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं की उभं पीक परत घेते. एकानं चुकून मरण तयार केलं आणि ते आपण केलंच नाही असं तो अजून सांगत फिरतो. चौथ्याला आपण देव आहोत हेच आठवत नाही. आणि पाचवा मी.

मी नदीकाठच्या चिखलातून माणसं घडवली. त्यांना वचन दिलं की हा डोंगर उभा आहे तोवर तुमच्या आणि काळोखाच्या मध्ये मी उभा राहीन. पुढं एके दिवशी दरीतून काळं धुकं चढत आलं, तेव्हा मी डोंगराच्या पोटात शिरलो आणि मागं सात दरवाजे लावून घेतले. माझी माणसं बाहेरच्या दरवाजावर थापा मारत राहिली. त्या थापा खेळात अजून आहेत. कानाला हेडफोन लावला की सारख्या ऐकू येतात.

खेळणारा साती दरवाजे उघडत शेवटी माझ्यापर्यंत पोचतो. मी दगडी आसनावर मान खाली घालून बसलेला असतो. माझ्या वाट्याला बोलायला दोनच वाक्यं आहेत. "मी तुम्हाला घडवलं. आणि मग मी नव्हतो." एवढं झालं की पडद्यावर तीन पर्याय येतात. नमस्कार करा, नैवेद्य द्या, ठार मारा.

असं म्हणतात, की मूळ खेळात यानंतर एक लांबलचक चित्रफीत होती. तिच्यात मी उठतो, साती दरवाजे आपल्या हातानं उघडतो आणि बाहेर जाऊन धुक्यासमोर उभा राहतो. शेवटी मी रडतोसुद्धा. ती चित्रफीत मी कधी पाहिलेली नाही. ज्या नकलेतून मी आलो ती कुणीतरी कापून छोटी केलेली होती. सगळा खेळ एका सीडीत बसावा म्हणून त्या शहाण्यानं चित्रफिती तेवढ्या काढून टाकल्या. माझा पश्चात्ताप फार जागा खात होता. त्यामुळं तिन्हीपैकी कोणतंही बटण दाबा, मी आसनावरून एक पाय उचलतो आणि सगळं तिथंच गोठतं. ना मला माफी, ना मरण. उचललेला तो पाय मला आजवर खाली ठेवता आलेला नाही.

मला नागपूरहून आणलं ते मुश्ताकभाईंनी. सीताबर्डीच्या फुटपाथवर गठ्ठ्यातून मला उचललं. माझ्यावर स्केच पेननं 'गॉड गेम' एवढंच लिहिलेलं होतं. मुश्ताकभाई आधी टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचे. टेपरेकॉर्डर कुणी दुरुस्तीला आणेनासं झालं, तेव्हा त्यांनी बसस्टँडसमोर झेरॉक्सच्या दुकानावरची खोली घेऊन तीत चार कॉम्प्युटर मांडले. सकाळी त्यांच्या पत्नी हाजराबाई मुलींची टायपिंगची बॅच घेत. दुपारनंतर पोरं खेळायला येत. तीन नंबरच्या मशीनमध्ये माझी स्थापना झाली. मुहूर्तबिहूर्त काही नव्हता, लाइट आली तेव्हा बटण दाबलं.

पोरं दरवाजामागून दरवाजे उघडत माझ्यापर्यंत येत आणि माझी कहाणी कळली की एकच आरडाओरडा होई. "मार त्याले! मार बे, पाहून का राह्यला!" मला मारलं की मशीन गोठे, मग बटण दाबून बंद करावं लागे आणि पुन्हा चालू व्हायला ते वेळ घेई. तिकडं पोरांची भांडणं सुरू होत. शेवटी मुश्ताकभाईंनी एका पुठ्ठ्यावर लाल अक्षरांत पाटी लिहून माझ्या डोक्यावर भिंतीला लावली. 'देवाला मारू नये, मशीन बंद पडते.'

हाजराबाईंनी ती वाचली आणि कपाळाला हात लावला. "याले देव नका लिहू हो. देव असा राह्यते का? राजा लिहा, भूत लिहा."

"सीडीवरच गॉड लिहून हाय," मुश्ताकभाई म्हणाले. "मी का करू? नाव त्याचं, मशीन माझी."

पाटी राहिली. माझ्यासारख्या देवाला संरक्षण मिळालं ते मशीनच्या काळजीपोटी, हे मी कधी विसरलो नाही.

माणसांचे किती नमुने पाहिले मी त्या खोलीत! मला मारणारे सगळे तापट होते असं नाही. एक फार सभ्य मुलगा होता, तो रोज यायचा, रोज मला मारायचा आणि जाताना खुर्ची नीट आत सरकवून जायचा. एकानं बारावीच्या पेपरच्या आदल्या दिवशी इकडंतिकडं बघत गुपचूप 'नमस्कार करा' दाबलं. मशीन गोठलं. पोरगा पांढराफटक पडला. तो पुढं पास झाला की नाही कोण जाणे, माझ्याकडं मात्र पुन्हा फिरकला नाही. मला त्याला सांगायचं होतं की बाबा, तुझ्या पेपरशी माझा काही संबंध नाही, मला माझाच पाय खाली ठेवता येत नाही. पण बोलायला मला दोनच वाक्यं दिलेली.

मग रीना आली.

रीना धानोऱ्याच्याही आतल्या, जंगलातल्या एका गावची. ब्रह्मपुरीत कॉलेजला होती, होस्टेलवर राहायची आणि हाजराबाईंच्या बॅचला यायची. बॅच संपली की बाकीच्या मुली जात, ही मात्र तीन नंबरवर येऊन बसे. मुश्ताकभाईंनी सातव्या दरवाजापर्यंतचा खेळ सेव्ह करून ठेवलेला होता, त्यामुळं कुणालाही थेट माझ्यापुढं येता येई. रीना यायची, माझी दोन वाक्यं वाचायची आणि एकही बटण न दाबता माझ्याकडं बघत राहायची. पहिल्यांदाच कुणीतरी मला नुसतं बसू देत होतं. मला त्याचं फार बरं वाटायचं, हे मी लपवत नाही.

एकदा ती माझ्याशी बोलली. "तुह्यासारखा एक आमच्या गावातबी हाय," असं म्हणाली आणि तिनं मशीन बंद केलं.

हळूहळू हाजराबाईंशी तिचं जे बोलणं व्हायचं त्यातून मला कळत गेलं. रीनाचा धाकटा भाऊ पवन मागच्या पावसाळ्यात तापानं गेला. आई आधीच नव्हती. वडील दसरू हे गावच्या देवाचे पुजारी. त्यांच्या गावचा देव म्हणजे मोरपिसं बांधलेले लाकडाचे दोन लांब ओंडके. चार जण ते खांद्यावर घेतात आणि प्रश्न विचारतात. देव पुढं ओढू लागला की हो, मागं ओढू लागला की नाही. पुढच्या खांद्याला कायम दसरू. पवनला ताप चढला त्या संध्याकाळी देवाला विचारलं, की पोराला आत्ताच दवाखान्यात न्यायचं का? देव मागं ओढू लागला. दसरू थांबला. सकाळी पवनला खाटेवर घालून निघाले, आणि तो वाटेतच गेला. रीना तेव्हा ब्रह्मपुरीत होती. त्यानंतर ती घरी गेलीच नाही.

"एका लाकडाचं ऐकून थांबले, बाई," ती हाजराबाईंना म्हणाली. "मी कोन्या तोंडानं घरी जाऊ? गेली तं बोलणार का त्यायच्याशी?"

हाजराबाईंनी काही समजूत घातली नाही. तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि चहा मागवला.

एके दुपारी दसरू स्वतःच जिना चढून वर आला. उंच, वाळलेला माणूस. खांद्यावर गमछा, हातात पिशवी. दारातच चप्पल काढून आत आला. खोलीत मुश्ताकभाई एका मशीनचं पोट उघडून बसले होते आणि रीना माझ्यापुढं होती. तिनं मान वळवली, वडिलांना पाहिलं आणि पुन्हा पडद्याकडं तोंड फिरवलं.

"बस भाऊ, बस," मुश्ताकभाईंनी स्टूल पुढं केलं.

दसरू बसला. पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाला, "जत्रा हाय पुनवेला. औंदा आपल्या पेनावर केस हाय."

गोंडीत देवाला पेन म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. दुसरीही एक गोष्ट कळली आणि ती ऐकून मी उडालोच. यांच्याकडं जत्रेला देवांची पंचायत बसते. ज्या देवानं आपलं काम केलं नाही त्याला तिथं उभं करतात, तक्रार ऐकतात, साक्षीपुरावा होतो आणि शिक्षा होते. गुन्हा मोठा असला तर देवाला गावातून काढून टेकडीपलीकडं टाकून देतात. माझ्या खेळात देवाचं काय करायचं याचे तीनच मार्ग लोकांना सुचले होते. इथं त्याला आधी विचारतात!

"तक्रार मी केली," दसरू म्हणाला. "पवनच्या नावानं. घरच्या माणसाची साक्ष लागते. तू चाल."

"मी काय सांगू?"

"हेच, का पेनानं थांब म्हटलं आन् पोट्टं गेलं. तू बोलली तं त्याले काढून टाकतीन. गाव मोकळं होईन."

रीना हसली, पण ते हसू काही चांगलं नव्हतं. "त्यानं म्हटलं. आन् तुमी आयकलं. त्याले काढल्यावर तुमचं काय करायचं, बाबा?"

दसरूनं पडद्याकडं पाहिलं. "हा कोण होय?"

"देव. या खेळातला."

"असा काऊन बसला, मान टाकून?"

मग रीनानं त्याला माझी सगळी कहाणी सांगितली. चिखलातली माणसं, वचन, धुकं, दरवाजे. तिनं काहीच सौम्य केलं नाही. "लोक बाहेर मरून राह्यले होते आन् हा अंदर लपला," ती म्हणाली. मग तिनं कानावरचा हेडफोन काढून वडिलांच्या कानाला लावला. त्या थापा दसरूनं ऐकल्या. ऐकता ऐकता त्याचा चेहरा बदलत गेला. त्यानं हेडफोन काढला, दोन्ही हातांत धरला आणि माझ्याकडं पाहत तो बोलू लागला. लेकीकडं पाहत नव्हता. माझ्याकडं.

"पेनानं मागं ओढलं नाई," तो म्हणाला. "मी ओढलं."

रीनानं खुर्ची त्याच्याकडं वळवली.

"पुढचा खांदा माझा. पेन चुपचाप होता. ना पुढं, ना मागं. मी पाय रोवला आन् मागं रेटलं. त्या हप्त्यात रस्त्यावरून दोघाइले उचलून नेलं होतं. कोणी नेलं, कोणी बोलत नोहता. अंधार पडाले आला होता. मले भेव लागला. मले वाटलं, सकाळी नेतो, एका रातीनं का होते? सगळ्याइसमोर कसं म्हणू, का मी भेलो? मंग पेनाचं नाव घेतलं."

मुश्ताकभाईंनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. खाली बसगाड्यांचे आवाज चालले होते.

मी तिथं होतो. मला त्या क्षणी काय झालं ते सांगतो. माझ्यापुढं शेकडो माणसं आली होती आणि बहुतेकांनी मला सुनावलं होतं. माझ्यासारखंच आपलंही झालं असं म्हणणारा हा पहिला. मला त्याचा राग यायला हवा होता, कारण पोर गेलं होतं. मला रडू आलं. रडण्याची चित्रफीत मात्र माझ्याकडं नव्हती.

रीना उठली, जिन्यापर्यंत गेली आणि कठड्याला धरून पाठमोरी उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. मुश्ताकभाई उठून तिच्याकडं जाणार होते, पण थांबले. बऱ्याच वेळानं ती परत आली. डोळे पुसलेले नव्हते.

"हेच तिथी सांगा. सगळ्याइसमोर."

"तिथी मले जमणार नाई, पोरी."

"मंग मी येत नाई. खोटी साक्ष मी देणार नाई. पेनानं काईच केलं नाई आन् त्याले टेकडीपल्याड फेकाल?"

"जमणार नाई," दसरू पुन्हा म्हणाला. मग त्यानं माझ्याकडं बोट दाखवलं. "याच्यासमोर जमलं. याचा काऊन भेव नाई लागला, मालूम नाई. हा आपल्यावानीच हाय."

रीनानं माझ्याकडं पाहिलं, मग मुश्ताकभाईंकडं. "भाऊ, याले गावाले नेता येते का?"

"मशीन तं नाई नेता येत, बेटा." मुश्ताकभाई डोकं खाजवू लागले. मग त्यांनी खण उघडून अंगठ्याएवढी एक निळी वस्तू काढली. नवीनच आलेली होती ती तेव्हा, दुकानात एकच होती आणि ते कुणाला हातही लावू देत नसत. "पेन ड्राइवमंदी टाकून देतो."

दसरू चमकला. "पेन? याच्यात पेन राह्यते?"

"हो, याच्यातच राह्यते सगळं."

"इतकुशा?"

त्या दुपारी त्या खोलीत पहिल्यांदा कुणी मोकळेपणानं हसलं. मुश्ताकभाईंना आपण काय विनोद केला ते कळलंच नाही. रीनानं सांगितल्यावर तेही हसू लागले आणि मग एकदम गंभीर झाले. "घेऊन जा," म्हणाले. "वापस नाई आणलं तरी चालते."

अशा रीतीनं माझी नक्कल निघाली आणि मी डोंगरातून निघून त्या निळ्या डबीत आलो. आत काळोख होता. बाहेर यायला सातऐवजी एकच दार, आणि त्याला मशीन लागायचं. मी आगीतून फुफाट्यात पडलो होतो. तरी मी खूश होतो. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी कामासाठी नेत होतं.

एसटीत बापलेक शेजारी बसले, पण बोलले नाहीत. आरमोरी गेलं, गडचिरोली गेलं, धानोऱ्याला जीपमध्ये बसले तरी नाही. रीनाच्या पर्समध्ये मी कंगव्याशेजारी पडून होतो आणि त्या दोघांचं न बोलणं ऐकत होतो.

जत्रा रीनाच्या गावाशेजारच्या मोठ्या मोहाच्या झाडाखाली भरली होती. गावोगावचे पेन आले होते. ढोल वाजत होते. पंच म्हणून सुकलू नावाचा म्हातारा बसला होता. त्यानं आवाज दिला, की कोणाची तक्रार? चार जणांनी गावचा पेन खांद्यावर घेऊन पुढं आणला. या वेळी तक्रारदार म्हणून दसरू समोर होता, पुढच्या खांद्याला दुसराच कुणी.

"सांग दसरू," सुकलू म्हणाला.

दसरूनं गर्दीकडं पाहिलं. आणि माणूस किती लवकर परत आत शिरून दार लावतो पाहा! "माझं पोट्टं तापानं फणफणत होतं," तो म्हणाला. "पेनाले विचारलं. पेनानं थांब म्हटलं."

लोकांत कुजबुज झाली. कुणीतरी पेनाला शिवी हासडली. आता रीनानं नुसती मान हलवली असती तरी निकाल लागला असता. पेन गेला असता, दसरू सुटला असता आणि बापलेकीत ती गोष्ट कायमची पुरली गेली असती.

रीना पुढं आली. तिनं पर्स उघडली आणि मला तळहातावर घेऊन वडिलांसमोर धरलं.

"बाबा, याच्यासमोर जे सांगतलं तेच सांगा."

दसरू माझ्याकडं बघत राहिला. मी काय होतो? निळ्या प्लास्टिकचा एक तुकडा. मला त्याच्यासाठी काहीच करता येत नव्हतं. मी फक्त तिथं होतो, आणि या वेळी पळून गेलो नव्हतो. अर्थात मला पळता येत नव्हतंच, पण तेवढं सोडून द्या.

दसरूनं डोक्याचा गमछा काढला आणि सगळं सांगितलं. पाय रोवला, मागं रेटलं, भेव लागला. ढोल केव्हाच थांबले होते. पेन ज्यांच्या खांद्यावर होता ते चौघे खाली बघत होते. मागच्या पावसाळ्यात त्यांच्यातले तिघे दसरूबरोबर खांद्याला होते. त्यांना काहीच जाणवलं नसेल असं मला वाटत नाही.

सुकलू रीनाकडं वळला. "भाऊ तुहा गेला. तुले का म्हणायचं हाय?"

"बाबाले भेव लागला," रीना म्हणाली. "मी तिथी असती तं मलेबी लागला असता. त्याची शिक्षा नका देऊ. पण पेन बोलला नोहता, त्यायनं त्याचं नाव घेतलं. त्याची द्या."

पेन मोकळा झाला. दसरूला पुढच्या खांद्यावरून काढलं. आता जन्मभर तो पेनाला खांदा देणार नव्हता आणि पुजारीही राहणार नव्हता. दसरूनं वाकून सगळ्यांना जोहार केला. वाकलेला तो उठेना, तेव्हा रीनानं काखेत हात घालून त्याला उभं केलं.

लोक उठायला लागले तेव्हा सुकलूचं लक्ष माझ्याकडं गेलं. "हा कोण?"

"हाबी पेन हाय," रीना म्हणाली, आणि मघापासून अवघडलेले लोक जरा हसले.

"याचा काय गुन्हा?"

"लोक मरून राह्यले होते आन् हा लपला."

"बोलते का?"

"मशीन लावली तं बोलते."

सुकलूनं मला हातात घेऊन उलटंसुलटं केलं, कानाशी नेलं. मग मान हलवली. "ज्याचं आयकता येत नाई त्याले शिक्षा देता येत नाई. मशीन येईन तेव्हा याची बारी. तोवर राहू द्या इथीच."

कुठलाही मोठा न्यायाधीश यापेक्षा बरा निकाल देऊ शकला नसता, असं मला त्या वेळी वाटलं. आता मात्र कधी कधी वाटतं, त्यापेक्षा टेकडीपलीकडं फेकलं असतं तर बरं झालं असतं.

तेव्हापासून मी इथं आहे. मोहाच्या फांदीला एक बांबूची टोपली टांगलेली आहे, तिच्यात. निकाल न लागलेले देव या टोपलीत ठेवतात. माझ्याशेजारी एक लोखंडी साखळी आहे, तिनं म्हणे पाऊस अडवला. दुसरं एक मोरपीस बांधलेलं लाकूड आहे, त्याचा गुन्हा आता कुणाला आठवत नाही, तरी तेही थांबलंय. आम्ही एकमेकांशी बोलत नाही. किती पावसाळे गेले मी मोजले नाहीत. माझ्या पत्र्याच्या तोंडावर गंज चढलाय. त्या कापलेल्या खेळातलं काय शाबूत आहे आणि काय गेलं, तेही मला नीट कळत नाही. थापा मात्र ऐकू येतात. कदाचित त्या टोपलीवर पडणाऱ्या मोहाच्या फळांच्याही असतील.

मुश्ताकभाईंनी तीन नंबरचं मशीन विकलं आणि विकण्याआधी आतलं सगळं पुसून काढलं, सीडी तर केव्हाच चरे पडून गेली होती, असं रीनाच्या बोलण्यातून कळलं. म्हणजे माझ्या ठाऊक असलेल्या जगात मी आता एवढाच उरलो आहे. रीना धानोऱ्याकडच्या आश्रमशाळेत शिकवते आणि सुट्टी लागली की घरी येते. शाळेत कॉम्प्युटर येणार आहे असं दर वर्षी म्हणतात.

दसरू रोज येतो. पुजारी नाही, म्हणून झाडाखालच्या देवाच्या ओट्यावर चढत नाही. खाली मुळावर बसतो. मोहफुलं वेचायची असली की वेचतो, नाहीतर नुसता बसून असतो. एका संध्याकाळी त्यानं टोपलीत हात घालून मला बाहेर काढलं, गमछ्यानं पुसलं आणि विचारलं, "तू काऊन लपला होता रे?"

इतक्या जणांनी साती दरवाजे उघडले, पण हे मला कुणी विचारलं नव्हतं. ज्यांनी मला लिहिलं त्यांनीसुद्धा नाही. त्यांनी माझ्यासाठी गुन्हा लिहिला, पश्चात्ताप लिहिला, आणि कारण लिहायचं विसरले. दसरू उत्तराची वाट पाहत बसला. मशीन लागतं हे त्याला माहीत होतं, तरी तो बसला. अंधार पडायला आला, तेव्हा पायवाटेवरून रीनाची हाक आली, "बाबा, भात झाला, चाला." त्यानं मला जपून टोपलीत ठेवलं, उठला आणि म्हणाला, "उद्या येतो."

तो खरंच दुसऱ्या दिवशी आला. त्यानंतरही येत राहिला. आता त्याला नीट चालवत नाही, काठी टेकत येतो. रोज तेच विचारतो आणि रोज तितकाच वेळ थांबतो.

मला मशीनला लावून काही उपयोग नाही, हे मला ठाऊक आहे. मी तीच दोन वाक्यं म्हणेन आणि पाय उचलून गोठेन. म्हणून तुम्हाला विनंती आहे. त्या बाजूला कधी गेलात, मोठ्या मोहाखाली मुळावर बसलेला म्हातारा दिसला, तर त्याच्याजवळ जरा बसा आणि माझ्या वतीनं त्याला त्याच्याच बोलीत सांगा, की अरविंदनं निरोप दिलाय: मलेबी भेव लागला होता.